साखळी, आणे आणि फर्मी : मोजणी-रूपांतरकाच्या कामाच्या नोंदी

१४ जून २०२५

काम ठरलं ते असं. जुन्या टिपणांतली (जमीन मोजणीच्या हाताने लिहिलेल्या नोंदींतली) साखळी-आण्यांची मापं एका बाजूला, अणू आणि अणुगर्भाची एककं (अँगस्ट्रॉम, बोर त्रिज्या, एक्स-एकक, फर्मी) दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये दोन्हीकडून चालणारा एक छोटा प्रोग्राम. उपयोग दोन. नाशिकमधल्या विज्ञान प्रदर्शनात जमिनीवर ३३ फुटी पट्टा आखून त्याच्या शेजारी आकडे लावायचे आहेत. आणि त्याच कोडचा अर्धा भाग दिंडोरी-निफाडकडच्या टिपणांवरून क्षेत्र काढायला वापरायचा आहे. दुसरा उपयोग खरा, पहिला हौसेचा.

आधी नावांचा घोळ मिटवला. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीतली साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा २४.७५ इंच. साखळी गुणिले साखळी १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. इंग्रजी पुस्तकांतली गुंटरची साखळी मात्र ६६ फुटांची, १०० कड्यांची. तिच्या १० चौरस साखळ्यांचा एकर. इंजिनिअरांची १०० फुटी आणखी वेगळी. तक्त्यात नुसतं 'साखळी' हे नाव चालणार नाही. 'साखळी-३३', 'साखळी-६६', 'साखळी-१००' अशीच नावं ठेवायची. नुसतं 'साखळी' टाकलं तर प्रोग्रामने उत्तर न देता उलट विचारायचं: कोणती?

तशीच गत इंग्रजी लघुरूप 'एफएम'ची. फर्मी आणि फेम्टोमीटर दोन्हींसाठी ते चालतं आणि तिथे नुकसान नाही, कारण दोन्ही १०^−१५ मीटरच. पण काही जुन्या तक्त्यांत तेच लघुरूप फॅदमला, म्हणजे ६ फुटांना लावलेलं आहे. लघुरूपं बंद, पूर्ण नावंच घेणार.

१७ जून

पाया कशाचा धरायचा? मीटर धरणं सोयीचं वाटतं, पण फर्मी धरला तर एक गोष्ट फुकट मिळते. १९५९च्या करारातला आंतरराष्ट्रीय फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, अपूर्णांकात ३८१/१२५०. याला १०^१५ने गुणलं की फूट बरोबर ३०,४८,००,००,००,००,००० फर्मी होतो. पूर्णांक, शेपूट नाही. साखळी-३३ होते १०,०५,८४,००,००,००,००,००० फर्मी, आणा त्याचा सोळावा भाग, ६.२८६५ × १०^१४. फूट-इंचावर बसवलेली सगळी जमीन मापं पूर्णांकात राहतात आणि ताळा घेणं सोपं जातं.

वाचून दाखवायला या संख्येला नावं हवी होती. खर्व, पद्म, नील, शंख यांचा क्रम आणि किंमत पुस्तकागणिक बदलते. खर्व कुणी १०^१० धरतं, कुणी १०^११. म्हणून सरळ भास्कराचार्यांच्या लीलावतीतली (११५०) नावं घेतली, तिथे प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट आहे: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. कोटी १०^७, त्यावरून शंकू १०^१३ आणि मध्य १०^१६. त्या हिशोबाने एक साखळी म्हणजे १ मध्य, ५ शंकू, ८ महापद्म, ४ निखर्व फर्मी. मोजणीतली जोडी शंकू (काटकोन काढायचं साधन) आणि साखळीची असते आणि इथेही साखळीत शंकू निघाला. प्रदर्शनाच्या फलकावर हेच लिहायचं.

१९ जून

पहिली खरी अडचण. स्प्रेडशीटमध्ये साखळीची लांबी फर्मीत ठेवून शेवटी १ मिळवला. उत्तर बदललंच नाही.

स्प्रेडशीट १५ अंकांपुढचं लक्षात ठेवत नाही आणि आपली संख्या १७ अंकी. पण नुसत्या कोडमध्येही तेच होतं. नेहमीची दशांश संख्या संगणकात ५३ बिटांत बसते, त्यामुळे पूर्णांक २^५३ पर्यंतच एकेक करून मोजता येतात. २^५३ म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२. फर्मीत धरलं तर ९.००७ मीटर, म्हणजे २९ फूट साडेसहा इंचांच्या थोडं वर. साखळीचे पहिले १४ आणे बिनबोभाट जातात, पंधराव्या आण्यात ही रेघ ओलांडली जाते आणि तिथून संख्या दोनदोनच्या उडीने चालतात. ६६ फुटी साखळी २^५४च्याही पुढे, तिथे उडी चारची.

प्रत्यक्षात एका फर्मीने कुणाचं शेत अडत नाही, हे मान्य. पण साखळीतून फर्मी, फर्मीतून परत साखळी असा फेरा मारला की पहिली संख्या जशीच्या तशी परत आली पाहिजे, ही आपली मुख्य चाचणी. ती फसली तर गुणक चुकला की गोलाई चुकली हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून:

आकडेमोड पायथनच्या फ्रॅक्शन प्रकारात, म्हणजे अंश-छेद वेगळे ठेवून. इथे एक खोच आहे. ०.३०४८ ही संख्या अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून दिली तर बरोबर ३८१/१२५० मिळतो. अवतरणाशिवाय दिली तर ती आधी दोनच्या घातांत मोडते, आणि फ्रॅक्शन त्या मोडक्या संख्येचा तंतोतंत अपूर्णांक करून देतो. छेद भलामोठा, आणि चूक कायमची आत. सगळे गुणक मजकूर म्हणूनच वाचायचे.

देवनागरी आकडे: पायथन '३३' हा मजकूर ३३ म्हणून वाचतो, काही करावं लागत नाही. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट मात्र 'ही संख्याच नाही' म्हणते. पानावरच्या चौकटीत ०-९ बदलून घेणारी एक ओळ घातली.

२३ जून

टिपणांचे आकडे भरायला घेतले. टिपणात '३-७' असं असतं: ३ साखळ्या ७ आणे. भरणाऱ्याने ३.७ लिहिलं. ३ साखळ्या ७ आणे म्हणजे ३.४३७५ साखळ्या, ३.७ धरल्यावर बाजू २.६४ मीटरने, म्हणजे साडेआठ फुटांहून जास्त वाढली. त्यात गंमत अशी की चूक एका दिशेची नाही. १ ते ९ आण्यांना ती लांबी वाढवते, १० ते १५ आण्यांना घटवते: ३-१२ म्हणजे ३.७५, पण ३.१२ लिहिलं की १० आणे गायब. आणि ३-१० ला ३.१० लिहिलं की स्प्रेडशीट शेवटचं शून्य खातं, ३.१ उरतं, मग १० आणे आणि १ आणा यांत फरकच राहत नाही. बेरजा केल्या की चुका एकमेकींना थोड्या झाकतात, म्हणून एकूण क्षेत्र 'साधारण बरोबर' दिसतं. हा सगळ्यात वाईट प्रकार.

'३-७' तसंच लिहिलं तर? स्प्रेडशीट त्याची तारीख करतं. ३ जुलै.

उपाय: साखळी आणि आणे दोन वेगळ्या रकान्यांत, आण्याच्या रकान्यात ० ते १५ सोडून काही घेऊ नये (पाव-अर्धा आणा चालेल, १६ नाही). भरण्याआधी दोन्ही रकाने 'मजकूर' प्रकारचे करून ठेवायचे. नंतर केले तर तारीख झालेली संख्या परत येत नाही.

२६ जून

क्षेत्राची बाजू, झटपट. अणुगर्भाच्या टकरींसाठी क्षेत्राचं एकक 'बार्न' आहे, शब्दशः धान्याचं कोठार. युद्धकाळात, १९४२मध्ये, अमेरिकन शास्त्रज्ञांनी थट्टेत ठेवलेलं नाव. १ बार्न = १०^−२८ चौरस मीटर = १०० चौरस फर्मी. गुंठा १०१.१७१४१०५६ चौरस मीटर, म्हणजे १.०११७१४१०५६ × १०^३० बार्न. इथे हमखास होणारी चूक: लांबीचा १०^१५ तसाच क्षेत्राला लावणं. क्षेत्राला १०^३०. एककाबरोबर 'लांबी' की 'क्षेत्र' हे लिहून ठेवलं आणि मिसळलं तर प्रोग्राम थांबतो.

याच कोडने सातबाऱ्यावरचे आर (१ आर = १०० चौरस मीटर) तपासले. १ गुंठा = १.०११७ आर. 'गुंठा म्हणजेच आर' असं धरून लिहिलेले जुने कागद सापडतात, एकराला ४६.८६ चौरस मीटर जातात, पाच एकरांच्या द्राक्षबागेला २३४. फर्मीचं सगळं बाजूला ठेवलं तरी एवढ्यासाठी प्रोग्राम वसूल आहे.

१ जुलै

एक्स-एकक. हे वरवर सगळ्यात सोपं दिसतं आणि सगळ्यात जास्त फसवतं.

मान्ने सीगबान यांनी क्ष-किरणांच्या तरंगलांबीसाठी हे एकक आणलं. १९२५च्या सुमाराची व्याख्या: १८ अंश सेल्सिअसला कॅल्साइटच्या स्फटिकातल्या ठरावीक थरांमधल्या अंतराचा ३०२९.०४वा भाग. हेतू असा की ते नेमकं १०^−१३ मीटर यावं. आलं नाही. आजचं मूल्य १.००२०७६९७ × १०^−१३ मीटर, आणि तेही तांब्याच्या रेषेवर बसवलेलं. मॉलिब्डेनमच्या रेषेवरून घेतलं तर १.००२०९९५२ × १०^−१३. म्हणजे एक्स-एककंही दोन.

०.२ टक्के चूक आली कुठून? कॅल्साइटचे थर कुणी पट्टीने मोजले नव्हते. स्फटिकाची घनता, रेणुभार आणि ॲव्होगाड्रो संख्या यांवरून ते अंतर काढलं होतं. ॲव्होगाड्रो संख्या आली इलेक्ट्रॉनच्या प्रभारावरून, आणि प्रभार मिलिकनच्या तेलथेंबांच्या प्रयोगावरून. त्यात हवेच्या स्निग्धतेचं मूल्य थोडं चुकलेलं, म्हणून प्रभार सुमारे ०.६ टक्के कमी आला. थरांतलं अंतर प्रभाराच्या घनमुळाप्रमाणे बदलतं, ०.६चा तिसरा हिस्सा ०.२. पुढे आखीव जाळीवरून क्ष-किरणांची लांबी थेट मोजली गेली तेव्हा हा फरक उघडा पडला.

आपल्या तक्त्यात याचा अर्थ: साखळी-३३ तांब्याच्या एक्स-एककांत १.००३७५५ × १०^१४, मॉलिब्डेनमच्या १.००३७३३ × १०^१४. दोन्हींतला फरक साखळीवर पाव मिलिमीटरच्या आत. पण जुन्या समजुतीप्रमाणे १०^−१३ धरलं तर १.००५८४ × १०^१४ येतं, आणि तेवढी एक्स-एककं परत मीटरमध्ये नेली की साखळी २.०९ सेंटिमीटरने लांबते. पाऊण इंचाहून जास्त.

इथे थांबून विचार केला, कारण साखळीलाही नेमका हाच आजार असतो. माप व्याख्येत नसतं, वस्तूत असतं, आणि वस्तू थोडी चुकीची असते. १०० कड्यांच्या साखळीत दोन कड्यांमध्ये दोन रिंगा धरा: दर कडीमागे तीन सांधे, सांध्याला घासणाऱ्या बाजू दोन, एकूण ६०० बाजू. प्रत्येक बाजू इंचाचा शंभरावा भाग झिजली की ६६ फुटांची साखळी ६ इंचांनी लांबते, पाऊण टक्का. एक्स-एककाइतकी चूक यायला दीड-पावणेदोन इंचांची झीज पुरते. १०^१६च्या उडीत काही चुकत नाही, ती नुसती शून्यं आहेत. चुकतं ते तिसऱ्या-चौथ्या अंकात, आणि दोन्ही टोकांना सारखंच.

यावरून तक्त्याची रचना बदलली. प्रत्येक एककाला आता गुणक, साल, अनिश्चितता आणि 'जात' असे चार रकाने. जाती तीन: व्याख्येने ठरलेलं (फूट, फर्मी, अँगस्ट्रॉम), मोजून आलेलं (बोर त्रिज्या, एक्स-एकक, प्रोटॉन त्रिज्या), आणि फक्त पल्ला सांगता येणारं (बिघा आणि निवर्तन, ही जुनी क्षेत्रमापं).

५ जुलै

भद्रकालीच्या बाजारातून जुनी ३३ फुटी लोखंडी साखळी मिळाली. दर आण्याला बिल्ला, दोन बिल्ले तुटलेले. एका गोदामाच्या सपाट फरशीवर १५ मीटरच्या पोलादी टेपशेजारी मोजली.

पद्धत: आधी गाठी सोडवायच्या, एक कडी दुसरीवर चढून बसली तर साखळी बोटभर आखडते आणि ते दिसत नाही. वाकलेल्या कड्या हाताने सरळ करायच्या, हातोडीने नाही, नाहीतर लांबी आणखी वाढते. माप मुठीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. दोन्हीकडून सारखा ताण. तीन वेळा मोजून, साखळी उलटी टाकून पुन्हा तीन वेळा.

आली १०.०९२ मीटर, २ मिलिमीटर इकडेतिकडे. हवी १०.०५८४. सव्वा इंचाहून थोडी जास्त लांब, ०.३३ टक्के. तापमानाची दुरुस्ती लागली नाही: टेप २० अंशांना प्रमाणित आणि फरशीवर २९, पण लोखंड आणि पोलाद जवळजवळ सारखेच प्रसरतात, त्यामुळे तुलना करताना ते कटतं. उन्हातल्या शेतात मात्र ती सोय नाही. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत ३० अंशांचा फरक धरला तर साखळी साडेतीन मिलिमीटर हलते.

या साखळीने मोजलेला 'एक गुंठा' खरा १०१.८५ चौरस मीटर. लांबलेल्या साखळीने क्षेत्र कमी भरतं, हे उलटं वाटतं पण तसंच आहे: साखळी मोठी, म्हणून ती कमी वेळा बसते. दुरुस्ती लांबीच्या गुणोत्तराच्या वर्गाने. आणि फर्मीत? १.००९२ × १०^१६, पुढे एकही अंक नाही. उरलेले बारा अंक छापायला प्रोग्राम तयार असतो, छापू द्यायचे नाहीत.

९ जुलै

'भारतीय फूट'. नकाशांच्या एककांच्या ईपीएसजी नोंदवहीत भारतीय फुटाच्या एकाहून अधिक नोंदी आहेत: १९३७चा ०.३०४७९८४१ मीटर, १९६२चा ०.३०४७९९६, १९७५चा ०.३०४७९९५. मग ३३ फुटी साखळीला कोणता?

१९७५चा धरला तर साखळी आंतरराष्ट्रीय फुटापेक्षा १६.५ मायक्रोमीटरने आखूड. फर्मीत लिहिलं की हा आकडा छाती दडपवतो, १६५० कोटी. पण ५ जुलैच्या साखळीतली चूक ३३ मिलिमीटर होती, याच्या दोन हजार पट. साखळीसाठी हा वाद निरर्थक, ०.३०४८ पक्का. जुन्या नकाशांचे निर्देशांक यार्डांत असतील तेव्हा गोष्ट वेगळी: १००० किलोमीटरवर हाच फरक १.६४ मीटर होतो. तिथे साल विचारल्याशिवाय रूपांतर करायचं नाही.

१४ जुलै

मोजून आलेली मूल्यं भरली, सगळी कोडाटाच्या (भौतिक स्थिरांकांची मान्य मूल्यं जाहीर करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) २०२२च्या संचातली. बोर त्रिज्या ५.२९१७७२१०५४४ × १०^−११ मीटर, साखळी १.९००७६२ × १०^११ बोर त्रिज्या. २०१८च्या संचाशी फरक साखळीभर फक्त ७ नॅनोमीटर. हे एकक भरवशाचं.

प्रोटॉन त्रिज्या नाही. २०१४च्या संचात ०.८७५१ फर्मी होती. २०१०मध्ये म्यूऑनिक हायड्रोजनवरून (इलेक्ट्रॉनच्या जागी म्यूऑन हा जड कण असलेल्या हायड्रोजनवरून) ०.८४१८ आली होती, ती तेव्हा कुणी सहज मानली नाही. २०१८पासून संच त्या बाजूला आला, २०२२मध्ये ०.८४०७५. साखळी जुन्या मूल्याने १.१४९ × १०^१६ प्रोटॉन त्रिज्या, नव्याने १.१९६ × १०^१६. चार टक्के; साखळीवर अर्ध्या आण्याहून जास्त. फलकावर हा आकडा सालाशिवाय लावायचा नाही.

१९ जुलै

पल्ल्याची एककं.

बिघा: ५ हात ५ मुठींची काठी, २० चौरस काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. मूठ म्हणजे चार बोटं, हाताचा सहावा भाग धरला आणि हात १८ इंचांचा, तर बिघा २८.१ गुंठे. हात २० इंचांचा धरला तर ३४.७. हाताचं माप न सांगता बिघ्याचा एकच आकडा देणारा तक्ता दिसला की तो बाजूला ठेवावा. उत्तरेतला इलाही गजाचा बिघा वेगळा: गज ब्रिटिशांनी ३३ इंचांवर बसवला, ६० गज म्हणजे १६५ फूट, म्हणजे बरोबर आपल्या ५ साखळ्या. बिघा २५ गुंठे. इथे ३३ इंच आणि तिथे ३३ फूट. भरताना एकदा अदलाबदल झालीच, क्षेत्र १४४ पट आलं म्हणून लगेच सापडली.

निवर्तन घेतलं ते पांडवलेण्यांमुळे. लेणी क्रमांक ३ मधल्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्षूंना २०० निवर्तनं शेत दिल्याचं आहे. लीलावतीप्रमाणे निवर्तनाची बाजू २० वंश, म्हणजे २०० हात. अर्थशास्त्राप्रमाणे ३ रज्जू, म्हणजे ३० दंड, चार हातांच्या दंडाने १२० हात. हात १८ इंच धरून एक निवर्तन २.०७ एकर किंवा ०.७४ एकर. पावणेतीन पटीचा पल्ला. प्रोग्राम दोन्ही टोकं छापतो, मधली सरासरी काढत नाही. सरासरीइतकं माप कुणीच कधी वापरलेलं नाही.

२४ जुलै

छपाईचा नियम पक्का केला: उत्तराचे अंक सगळ्यात कच्च्या दुव्याइतके. व्याख्येची एककं दोन्हीकडे असली तर पूर्ण संख्या. एक बाजू मोजलेली असेल तर तिच्या अनिश्चिततेपर्यंत. पल्ला असेल तर दोन टोकं, प्रत्येकी दोन अंक.

चाचण्या ६४ टिपण-मापांवर: साखळी-आणे, फर्मी, परत साखळी-आणे. ६४ पैकी ६२ जशीच्या तशी परत आली. उरलेली दोन १६ आण्यांची नोंद होती, ती प्रोग्रामने घेतलीच नाहीत. मूळ टिपण पुन्हा पाहिलं: एका ठिकाणी ६ होता, आधीची रेघ कागदाच्या घडीची. दुसऱ्या ठिकाणी खरंच १६ लिहिलंय, लिहिणाऱ्याने साखळी पुढे न नेता तशीच ठेवली. ते हाताने ४-१६ चं ५-० केलं आणि शेजारी खूण ठेवली. दिंडोरीच्या निवृत्त भूकरमापक काकांचं म्हणणं, अशी नोंद दिसली की त्याच पानावर आणखी एखादी असतेच. ते पान उद्या पूर्ण वाचायचं.